गॉडविनांची माहेरवाशीण

परुळेकर बाई नव्या माणसाला पगार विचारत नसत, गाव विचारत नसत, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कुठल्या कंपनीचा तेही विचारत नसत. कुवेतमध्ये भेटलेला मराठी माणूस पहिला चहा संपायच्या आत हे सगळं काढून घेतो. बाईंचा प्रश्न एकच असे, "तुम्ही भावंडं किती, आणि तुम्ही कितवे?"

मी शाळेत गणित शिकवायला रुजू झालो त्या दिवशी स्टाफरूममध्ये मलाही तो आला. मी म्हटलं, तिघे भाऊ, मी मधला. बाईंनी चष्म्यावरून बघून घेतलं आणि म्हणाल्या, "मग घरात तुमच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नसणार. सुटलात, बोरसे." नाशिकहून आलेल्या, स्वतःला जरा काही समजणाऱ्या माणसाचं हे स्वागत. मला राग आला. तो टिकलाही असता, पण बाई राहायला आमच्याच इमारतीत, मंगफ नावाच्या वस्तीत. त्यांना गाडी येत नव्हती आणि शाळेची बस अंधारातच यायची. दुसऱ्या आठवड्यापासून त्या माझ्या गाडीत बसू लागल्या आणि शाळा सोडेपर्यंत बसल्या.

उंच, रुंद हाडाची बाई. बाहेर ऊन अंगावर धावून येत असायचं आणि बाई एसीच्या थंडीला घाबरून बारा महिने तपकिरी स्वेटरमध्ये. आवाज असा की शेजारच्या वर्गात मी समीकरणं सोडवत असलो तरी माझ्या मुलांना अर्धा इतिहास फुकट मिळायचा.

शाळा ब्रिटिश अभ्यासक्रमाची. मुलं कुवेती, इजिप्शियन, लेबनीज आणि आपली, म्हणजे तेलकंपन्यांतल्या इंजिनिअरांची. वरच्या वर्गांत इतिहासाला नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं तो काळ होता, आणि तो शिकवायला वेंगुर्ल्याची बाई. यात काही चमत्कारिक आहे असं कुणाला वाटत नसे. पगार दिनारात मिळत असला की आखातात कुणाला काहीच चमत्कारिक वाटत नाही.

पुस्तकातला धडा नॉर्मंडीच्या विल्यमपासून सुरू व्हायचा. बाई त्याला शेवटच्या आठवड्यापर्यंत वर्गात पाऊल टाकू देत नसत. त्यांचा धडा गॉडविनच्या घरापासून सुरू होई. फळ्यावर सगळ्यात वर नाव गॉडविनचं नाही, त्याच्या बायकोचं, गीथाचं. तिच्याखाली तिची मुलं. मग बाई सांगायच्या. गॉडविन फार मोठ्या घरातला नव्हे. डेन्मार्कच्या राजाने इंग्लंड घेतलं तेव्हा त्याच्या मर्जीत चढलेला माणूस. राजे बदलले, हा टिकला, आणि वाढत वाढत राजाच्या खालोखाल जाऊन बसला. मुलगी राजाला दिली, ती राणी झाली. मुलगे एकेका प्रांताचे अर्ल झाले. राजा एडवर्ड देवभोळा, मूलबाळ नाही, कारभार सगळा सासुरवाडीच्या हातात. अर्ल म्हणजे काय, असं कुणी विचारलं की बाई म्हणायच्या, "कफिलाचा मॅनेजर समज. कंपनी कफिलाची, दरारा ह्याचा." कुवेती मुलं हसायची, कारण कफील म्हणजे परक्या कामगारांना आपल्या नावावर आणणारा कुवेती मालक, आणि त्यांच्या प्रत्येकाच्या घरी असा एक मॅनेजर असायचाच.

गाडीतही हेच. फहाहीलच्या रस्त्यावर गाड्या तुंबल्या की बाई गॉडविनांकडच्या बातम्या द्यायच्या, शेजारच्या फ्लॅटमधल्या दिल्यासारख्या. सगळ्यात थोरला स्वेन, तो वाया गेला आणि लवकर मेला, म्हणून घर दुसऱ्या मुलावर, हॅरल्डवर आलं. हॅरल्ड धोरणी, सगळ्यांशी गोड. टॉस्टिग शूर, पण हाताचा कडक, उत्तरेचा प्रांत त्याच्याकडे. एडिथ राणी सगळ्यांत शिकलेली, तीन-चार भाषा येणारी. "आणि तिचा जीव कुणावर सांगा?" बाई विचारायच्या. "टॉस्टिगवर. सगळ्यांना नकोसा झालेला भाऊ बहिणीलाच बरोबर सापडतो." मी त्यांना चिडवायचो, की बाई, तुम्ही गॉडविनांच्या माहेरवाशीण शोभता. त्या चिडत नसत. "शोभते म्हणजे काय, आहेच," म्हणायच्या.

एकदा विभागप्रमुख, क्रॉफ्ट नावाचे एक लालबुंद गृहस्थ, त्यांच्या वर्गात तपासणीला मागे येऊन बसले. बाईंनी मुलांना विचारलं, कुणाच्या घरात दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत? अर्ध्या वर्गाचे हात वर. एरवी तोंड न उघडणारा एक कुवेती मुलगा उभा राहून सांगायला लागला. आजोबा वारले, आणि त्यांच्या दिवाणियात, म्हणजे घरच्या पुरुषांच्या बैठकीत, आजोबांच्या जागी कोण बसणार यावरून त्याच्या वडिलांचं आणि काकांचं फाटलं. काका आता समोरच्याच गल्लीत, त्याच वारी, स्वतःची वेगळी बैठक भरवतात. येणारी माणसं दोन्ही दारांच्या मध्ये गाडी उभी करून विचार करत बसतात. बाई त्याला म्हणाल्या, "शाबास. तुला इंग्लंड समजेल." क्रॉफ्ट साहेबांनी शेऱ्यात लिहिलं की विषयांतर फार होतं. बाईंच्या वर्गाचे निकाल चांगले लागत, म्हणून पुढे काही झालं नाही. दुपारी सुक्या बांगड्याचा डबा उघडत बाई मला म्हणाल्या, "हेस्टिंग्जची लढाई हे नुसतं शिक्कामोर्तब हो. घर त्याआधीच मोडलेलं होतं." साहेबांनी त्या वासाने खुर्ची पलीकडे नेली ती कायमची.

हे वेड कुठून आलं ते मला एका शुक्रवारी कळलं. बाईंनी मला त्यांच्या थोरल्या भावाकडे जेवायला नेलं, मंगफलाच, दोन चौक सोडून.

त्यांना सगळे भाई म्हणत. मीना अब्दुल्लात रिफायनरीच्या कामांना माणसं आणि परांची पुरवणारी एक कंपनी होती, तिचे ते मॅनेजर. आले होते वेल्डर म्हणून. म्हाताऱ्या कफिलाच्या मर्जीत चढले, आणि आता कंपनीच्या कागदांवर सही करायचा अधिकार त्यांच्याकडे होता. गावाच्या आसपासच्या चार वाड्यांत असं घर नव्हतं जिथे भाईंनी एक तरी व्हिसा दिला नव्हता. धाकट्या भावाला, प्रकाशला, त्यांनीच आणलं आणि परांचीवाल्यांची अख्खी टोळी त्याच्या हाताखाली दिली. बहिणीचं लग्न त्याच कफिलाच्या ऑफिसातल्या अकाउंटंटशी लावून तिलाही आणलं. परुळेकर अबोल, देवभोळा माणूस होता म्हणे. मूल झालं नाही. मी कुवेतला यायच्या आधीच तो गेला होता. हे सगळं प्रकाश मला ताटावर बसल्या बसल्या सांगत होता, आणि ऐकता ऐकता मी बाईंकडे बघायला लागलो. त्या झुबैदी माशाचा काटा काढत होत्या. म्हणाल्या, "बघता काय असे? मी तर तुम्हाला पहिल्याच महिन्यात सगळं सांगितलंय."

दारात चपलांचा ढीग. हॉलमध्ये भिंतीला टेकून गावची माणसं आपापला नंबर येण्याची वाट बघत बसलेली. कुणाला रजा हवी, कुणाला मेव्हण्यासाठी व्हिसा. भाई लुंगीत, सोफ्यावर, उजव्या हाताला प्रकाश. माणूस वाईट नव्हता हो. जो येईल त्याला आधी जेवायला घालायचे आणि मग नाही म्हणायचे. मला असल्या माणसांचा मनापासून कंटाळा आहे, तरी त्यांचं ते जेवायला घालणं मला आवडलं होतं.

जेवणं झाल्यावर भाई बाईंना म्हणाले, "काय गे, तो तुझो गॉडविन काय म्हणता?" त्यांना ती गोष्ट ठाऊक होती आणि पुन्हा पुन्हा ऐकायला आवडायची. बाईंनी सांगितली. भाई माणसांकडे वळून म्हणाले, "आयकलास? बहीण राणी, भाव सगळे सुभेदार. घर असा व्हया." प्रकाशने विचारलं, "पुढे काय झाला पण?" बाई म्हणाल्या, "पुढचा पुढे." दर वेळी गोष्ट तिथेच थांबायची. वर्गात क्रॉफ्ट साहेबांसमोर न दबणारी बाई त्या हॉलमध्ये हळू आवाजात बोलायची, आणि उठताना भावाला विचारून उठायची. मला ते बघवलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते झालं.

कुवेतमध्ये उन्हाळ्याचे तीन महिने भर दुपारी उघड्यावर काम करायला बंदी असते. प्रकाशकडे एक काम रखडलेलं होतं. त्याने टोळीला दुपारी परांचीवर चढवायला सुरुवात केली, एखाद्या दिवशी नाही, रोज. एक माणूस उतरता उतरता चक्कर येऊन खालच्या फळीवर आडवा झाला. वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्पमधून कुणीही बसमध्ये चढायला तयार होईना. सगळी भाईंनीच आणलेली माणसं. ती जमिनीवर बसून राहिली आणि म्हणाली, भाई सांगतील ते करू, पण डोक्यावर प्रकाश नको.

भाई गेले, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि प्रकाशला तिथल्या तिथे काढलं. त्या दिवशी भाईंचं काही चुकलं नाही, हे मी आजही कुणालाही सांगेन. प्रकाशला मात्र ते भाईंनीच घडवून आणलेलं कारस्थान वाटलं. गॉडविनांच्या घरात हेच झालं होतं. उत्तरेतली प्रजा टॉस्टिगच्या जाचाला कंटाळून उठली, हॅरल्डने मध्यस्थी केली, प्रजेचं मान्य केलं, आणि टॉस्टिगने भर दरबारात भावावर आरोप केला की ह्यांना तूच फूस लावलीस. बाई दर वर्षी हे शिकवत. त्या दिवशी गाडीत बसल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "बोरसे, एसी जरा कमी करा."

प्रकाश रागाने निघाला तो भाईंच्या धंद्यातल्या वैऱ्याकडेच गेला. तिथल्या कंपनीने त्याला लगेच ठेवून घेतलं. पण जुन्या कंपनीने रिलीज दिल्याशिवाय नव्या ठिकाणी काम करता येत नाही, आणि रिलीज देणार कोण, तर भाई. भाईंनी रिलीज दिलं नाहीच, वर अ‍ॅबस्कॉन्डिंग टाकलं. म्हणजे हा कामगार पळून गेला, अशी कंपनीची सरकारी तक्रार. ती लागली की इकामा गेला. पोलिसांना सापडला की बोटांचे ठसे घेऊन विमानात बसवतात, आणि ते ठसे त्याला पुन्हा ह्या देशात येऊ देत नाहीत. कंपनीने मुदतीच्या आत तक्रार मागे घेतली तरच सुटका. मालकांनी नोकरांवर अशा तक्रारी टाकलेल्या मी पुष्कळ बघितल्या होत्या. सख्ख्या भावाने भावावर टाकलेली ही पहिलीच. नव्या कंपनीने प्रकाशचा हात सोडला. तो बनेद अल-गारला कुणाच्या तरी खोलीत लपून राहिला. दिवसा बाहेर पडायचा नाही, बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, काही आणायचं तर खोलीतले दुसरे आणायचे.

बाईंना एकच करायचं होतं. मुदत संपायच्या आत भाईंना ती तक्रार मागे घ्यायला लावायची.

मी त्यांना सोपा रस्ता सांगितला. कफिलाची नात त्यांच्याच वर्गात होती आणि बाईंवर तिचा जीव होता. तिच्या आईला एक शब्द टाका, कफील स्वतः भाईंना सांगेल, काम होऊन जाईल. बाई म्हणाल्या, "भावाच्या डोक्यावरून जायचं नाही. त्याला पटलं पाहिजे."

"पटलं नाही तर?"

"पटेल. त्याने गोष्टीचा शेवट ऐकलेलाच नाही."

मला वाटलं, थट्टा करतायत. त्या करत नव्हत्या. ज्या बाईने आयुष्यभर मुलांना सांगितलं की माणसं इतिहासापासून काही शिकत नाहीत, तीच बाई भावाला इतिहास ऐकवून वळवायला निघाली होती. असली चूक इतिहासाच्या मास्तरणीशिवाय दुसरं कुणी करणार नाही. शुक्रवारी मी त्यांना भाईंकडे सोडायला निघालो. वाटेत म्हटलं, बाई, गोष्टबिष्ट राहू दे, बहीण आहात, हात धरून सांगा. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे.

"एडिथ रडली होती," बाई म्हणाल्या. "भावांचं भांडण लागलं तेव्हा रडली, सगळ्यांसमोर. तसं लिहून ठेवलंय. काय झालं रडून? कुणी थांबलं का? मी रडणार नाही."

हॉल रिकामा होता. भाईंनी मलाही बसवून घेतलं, कदाचित परका माणूस असला की बहीण जास्त बोलणार नाही म्हणून.

"बस गे," भाई म्हणाले. "पण तेच्याबद्दल नाय बोलाचा."

"तेच्याबद्दल नाय. गॉडविनची गोष्ट अर्धी रवली हा. ती पुरी करतंय."

आणि बाईंनी ती पुरी केली. इतकी चांगली त्यांनी वर्गातही कधी सांगितली नसेल. टॉस्टिग देशाबाहेर गेला, नॉर्वेच्या राजाला जाऊन मिळाला, परक्यांचं सैन्य घेऊन उत्तरेत उतरला. तोवर एडवर्ड मेला होता आणि हॅरल्ड राजा झाला होता. हॅरल्ड धावत उत्तरेला गेला, लढाई जिंकला, टॉस्टिग त्यात मेला. आणि हॅरल्ड उत्तरेत असतानाच दक्षिणेत विल्यम उतरला. थकलेली माणसं घेऊन हॅरल्ड परत फिरला, आणि हेस्टिंग्जला तो मेला, त्याच्याबरोबर आणखी दोन भाऊ मेले. म्हातारी गीथा म्हणाली, माझ्या हॅरल्डच्या वजनाएवढं सोनं घ्या आणि त्याचं मढं द्या. विल्यमने दिलं नाही, असं सांगतात. एका वर्षात चार मुलगे. ज्या घरापुढे राजे वचकून होते, त्या घरातला दिवा लावायला माणूस राहिला नाही.

भाई लक्ष देऊन ऐकत होते. मला क्षणभर वाटलं, बाई जिंकल्या.

"म्हणजे धाकटो परक्याक जाऊन मिळालो," भाई म्हणाले.

"होय."

"कामगार उठले तेवा मोठ्यान कोणाचा आयकल्यान? कामगारांचा ना?"

"प्रजेचा. होय."

"ता बरोबर केल्यान की चूक?"

बाई थांबल्या. त्या क्षणी चूक म्हणाल्या असत्या तर काय बिघडलं असतं, असं मला अजून वाटतं. पण परीक्षेचे पेपर तपासताना अर्ध्या गुणासाठी तासभर घालवणारी ती बाई.

"ता बरोबर केल्यान," त्या म्हणाल्या. "पण मगे तेका परत बोलवक होया होता, भाई. थंय तेचा चुकला."

"तुझ्या गोष्टीत धाकट्यान घर बुडवल्यान," भाई म्हणाले. "माझ्या घरात मी ता होवक देवचंय नाय." आणि ते उठले. उठताना बहिणीच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना खरोखरच वाटत होतं की बहिणीने आपली बाजू पटवून दिली. बाई ताठ बसून राहिल्या.

मुदत संपली. त्यानंतर महिनाभरात बनेद अल-गारच्या त्या गल्लीत तपासणी झाली आणि प्रकाश सापडला. बाई त्याला कोठडीत भेटायला गेल्या तेव्हा तो काचेपलीकडून त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "ताये, तू थंय जाऊन गोष्ट सांगलंस?" कुणीतरी त्याला सांगितलं होतं. भाईंनीच सांगितलं असेल, चांगल्या मनाने. प्रकाश गावी गेला. बाई फोन करायच्या, तो उचलायचा नाही. शाळेत बाई पूर्वीसारख्याच शिकवत होत्या, आवाज तोच, स्वेटर तोच. फक्त गाडीतल्या बातम्या बंद झाल्या. बाई खिडकीतून रस्ता बघायच्या आणि मी रेडिओ लावायचो.

पुढे वर्षभरात म्हातारा कफील वारला. त्याच्या मुलांनी कंपनी एका मोठ्या परदेशी कंपनीच्या हवाली केली. नव्या लोकांनी आपले मॅनेजर आणले, आपले फोरमन आणले. भाईंनी आणलेली गावची माणसं एकेक करून परत गेली. "नॉर्मन आले," बाई स्टाफरूममध्ये म्हणाल्या, कुणाकडेही न बघता. क्रॉफ्ट साहेबांना वाटलं धड्याबद्दल बोलतायत. शेवटी भाईंनाही नोकरी संपल्याचा कागद मिळाला. ज्या हाताने त्यांनी इतक्यांच्या इकाम्यावर सह्या केल्या, त्या हाताची सही आता कुणी कुठेच मागत नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी भाईंना भेटायला गेलो. हॉलमध्ये सोफा नव्हता, खोकी होती. दारात चपला माझ्या एकट्याच्या. भाईंनी सवयीने विचारलं, जेवलात का, आणि मग आठवलं की घरात काही नाही. माझ्याशी ते नेहमी पुस्तकी मराठीत बोलत. म्हणाले, "बोरसे सर, एक सांगतो, तिला सांगू नका. त्या दिवशी ती बहीण म्हणून आली असती ना, नुसती डोळ्यांत पाणी घेऊन समोर बसली असती, तर मी त्याच दुपारी कागद मागे घेतला असता. मी वाटच बघत होतो. ती मास्तरीण म्हणून इली." आणि एवढा मोठा माणूस खोक्यावर बसून लुंगीच्या टोकाने तोंड पुसायला लागला.

मला भाईंची दया आली नाही. ज्याच्या हातात भावाचं सगळं आयुष्य होतं तो माणूस बहिणीच्या रडण्याची वाट बघत बसला होता. स्वतःहून सही करायला कुणी त्याचा हात धरला होता?

त्या जूनमध्ये बाईंनी शाळा सोडली. मस्कतला एका शाळेत नोकरी धरली. मी म्हटलं, आता गावी जा, पुष्कळ झालं. त्या म्हणाल्या, "गावी दोन भाऊ, एका अंगणात दोन चुली, मधे कुंपण घातलंय. आये सकाळी एकाकडे, रात्री एकाकडे जेवते. मी कुणाच्या दारात बॅग ठेवू?"

शेवटच्या दिवशी मी त्यांना नेहमीप्रमाणे शाळेत घेऊन गेलो. हवेत धूळ होती, समोरची गाडी धड दिसत नव्हती. भाईंनी सांगू नका म्हटलं होतं, पण मी सांगितलं. का सांगितलं ते मला नीट सांगता येणार नाही. बाईंना कळायला हवं होतं, असं काहीतरी वाटलं असेल.

बाईंनी ऐकून घेतलं. शाळेचं फाटक आलं तरी त्या उतरल्या नाहीत.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "रडले असते तर त्याने ऐकलं असतं, हे मला त्याच्याआधी ठाऊक होतं, बोरसे. तुम्हाला एडिथचं काहीतरी सांगितलं मी, ते तुमच्यासाठी होतं. कॉलेज मी भाईकडून रडून मिळवलं. बीएड रडून मिळवलं. नोकरी करू दे म्हणून रडले. हे लग्न नको म्हणूनही रडले होते, तेवढं एक सोडलं तर दर वेळी त्याने दिलं. चांगलाच आहे तो. पण एकदा, एकदा तरी त्याने माझं म्हणणं बरोबर आहे म्हणून ऐकावं, असं वाटलं मला. आणि त्यासाठी मी प्रकाशला पणाला लावलं."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला, खरंच आला. आणि तो राग घेऊन जावं कुणाकडे ते कळेना, कारण त्यांनी जे मागितलं होतं ते काही फार नव्हतं.

बाईंनी ओढणी नाकातोंडावर घट्ट धरली, दार उघडलं आणि धुळीत उतरल्या. फाटकापर्यंत चालत गेल्या, मग काहीतरी राहिल्यासारख्या वळल्या. मला वाटलं, आता तरी रडतील. त्यांनी हाताने मला खूण केली, गाडी इथे उभी करू नका, मागे बस येतेय.